कॅन्सर चाचण्यांमधील स्कॅनसाठी कोअर लॅब: आखणीपासून जतनापर्यंत

कॅन्सरवरील नव्या औषधाची क्लिनिकल चाचणी चालू असते तेव्हा औषध लागू पडते आहे की नाही, हे बऱ्याचदा स्कॅनवर मोजलेल्या काही मिलिमीटरांवर ठरते. गाठ किती आकसली, आजार पुन्हा केव्हा वाढला, नवी गाठ दिसली का, या प्रश्नांची उत्तरे थेट चाचणीच्या निष्कर्षात जाऊन बसतात. तेच स्कॅन दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टांपुढे ठेवले, तर दोघे मोजण्यासाठी वेगवेगळ्या गाठी निवडू शकतात, गाठीची कड थोड्या वेगळ्या ठिकाणी मानू शकतात, आणि मग एकाच्या मते आजार स्थिर असताना दुसऱ्याच्या मते तो वाढलेला असू शकतो. एका रुग्णाच्या नेहमीच्या उपचारांत ही तफावत सांभाळून घेता येते, कारण डॉक्टरांसमोर रुग्ण असतो, त्याच्या तक्रारी असतात, रक्ताचे अहवाल असतात. मात्र निरनिराळ्या रुग्णालयांतील शेकडो रुग्णांची मोजमापे एकाच तक्त्यात मांडायची असतात, तेव्हा सगळीकडे एकाच पट्टीने मोजले गेले आहे याची हमी कोणीतरी घ्यावी लागते. ती हमी घेणारी यंत्रणा म्हणजे इमेजिंग कोअर लॅब.

अशा लॅब काही औषध कंपन्यांसाठी व्यावसायिक तत्त्वावर चालतात, तर काही विद्यापीठांत किंवा संशोधन-जाळ्यांत असतात. अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ॲक्रिन या जाळ्याने इमेजिंगच्याच चाचण्या मोठ्या प्रमाणावर घेतल्या. पुढे २०१४ मध्ये तेथील राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या चाचणी-जाळ्यासाठी, पूर्वी वेगवेगळी चालणारी प्रतिमा आणि रेडिएशन-गुणवत्तेची केंद्रे एकत्र आणून आयरॉक ही यंत्रणा उभी राहिली. लॅब मोठी असो वा चार माणसांची, तिच्या कामाचा क्रम साधारण सारखाच असतो, आणि तोच क्रम या लेखात पायरीपायरीने मांडला आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण पुढचे बरेचसे सल्ले तिच्यातूनच निघालेले आहेत. कोअर लॅब म्हटले की मोठ्या मॉनिटरसमोर बसून स्कॅन वाचणारे तज्ज्ञ डोळ्यांसमोर येतात. वाचन महत्त्वाचे आहेच, पण ते चुकले तर पुन्हा करता येते. कॉन्ट्रास्ट (गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) न देता काढलेला सीटी, चुकलेली वेळ नोंदवलेला पेट (किरणोत्सारी ग्लुकोज टोचून काढलेला स्कॅन), किंवा ओळख पुसताना मोजमापासाठी लागणारी माहितीही पुसली गेलेली फाइल मात्र सहा महिन्यांनी हाती आली, तर तोवर त्या रुग्णाच्या आजाराची ती अवस्था मागे पडलेली असते. म्हणून लॅबने आपली सर्वाधिक शक्ती वाचनाच्या आधीच्या टप्प्यांवर खर्च करावी.

पहिली पायरी: स्कॅनकडून नेमके काय हवे आहे ते ठरवा

चाचणीचा मुख्य निकष कोणता, यावरून लॅबच्या कामाची व्याप्ती ठरते. मुख्य निकष रुग्ण किती काळ जगले हा असेल, तर स्कॅनच्या केंद्रीय वाचनाने, म्हणजे लॅबच्या तज्ज्ञांनी केलेल्या वाचनाने, निष्कर्ष बदलत नाही आणि त्यावर मोठा खर्च करण्यात अर्थ नाही. आजार न वाढता गेलेला काळ किंवा गाठी आकसण्याचे प्रमाण हा निकष असेल, आणि त्यातही कोणाला कोणते औषध मिळते आहे हे डॉक्टरांना माहीत असेल, तर केंद्रीय वाचन गरजेचे ठरते. कारण नव्या औषधावर विश्वास असलेला डॉक्टर नकळत संशयाचा फायदा त्या औषधाला देऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने एप्रिल २०१८ मध्ये चाचण्यांतील इमेजिंग निकषांच्या प्रक्रियेविषयी जे मार्गदर्शन अंतिम केले, त्याचाही गाभा हाच आहे की निकषात स्कॅनची भूमिका काय आहे हे पाहून काटेकोरपणाची पातळी ठरवावी.

सगळे काही करणे आणि काहीच न करणे, या दोन टोकांमध्ये बऱ्याच जागा आहेत. काही चाचण्यांत स्कॅन गोळा करून त्यांची गुणवत्ता लगेच तपासली जाते, पण वाचन पुढे गरज पडली तरच होते. लहान संस्थांना मी हाच मार्ग सुचवेन, फक्त गुणवत्ता-तपासणी पुढे ढकलू नये. नुसते गोळा करून कपाटात ठेवलेले स्कॅन दोन वर्षांनी उघडले की त्यांतील किती निरुपयोगी आहेत ते कळते, आणि तेव्हा हाती काहीच उरलेले नसते.

दुसरी पायरी: दोन दस्तऐवज, दोन वाचक

पहिला दस्तऐवज इमेजिंग मॅन्युअल. तो स्कॅनरवर काम करणाऱ्या तंत्रज्ञासाठी असतो. दुसरा इमेजिंग चार्टर. तो प्रायोजक (चाचणी घडवून आणणारी कंपनी किंवा संस्था), संख्याशास्त्रज्ञ, रीडर (लॅबसाठी स्कॅन वाचणारे तज्ज्ञ) आणि नियामक यांच्यासाठी असतो. हे दोन्ही एकत्र करण्याचा मोह होतो आणि तो टाळावा, कारण साठ पानांच्या दस्तऐवजात बेचाळिसाव्या पानावर असलेली स्लाइसची (स्कॅनमधील एकेका छेदाची) जाडी गर्दीच्या वेळी कोणीही शोधत बसत नाही.

मॅन्युअलमध्ये प्रत्येक तपासणीसाठी एक पान पुरते, आणि ते पान स्कॅनरच्या खोलीत भिंतीवर लावता आले पाहिजे. सीटीसाठी त्यावर शरीराचा कोणता भाग घ्यायचा, स्लाइसची जाडी ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, स्लाइसमध्ये अंतर नको, शिरेतून कॉन्ट्रास्ट, यकृतासाठी पोर्टल व्हीनस टप्पा (कॉन्ट्रास्ट यकृताच्या पोर्टल शिरेत पोहोचण्याची वेळ), आणि त्या रुग्णाचा पुढचा प्रत्येक स्कॅन शक्यतो त्याच स्कॅनरवर त्याच पद्धतीने, एवढे असावे. कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असलेल्या किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णासाठी काय करायचे, हेही त्याच पानावर लिहावे. छातीचा कॉन्ट्रास्टशिवाय सीटी आणि पोटाचा एमआरआय हा सर्वसाधारण पर्याय असतो, पण तो पहिल्या स्कॅनलाच निवडावा लागतो. मध्येच पद्धत बदलली की तुलना तुटते. मेंदूच्या गाठींच्या चाचण्यांसाठी २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने एक प्रमाण एमआरआय प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला आहे. त्यात कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर सारख्याच मापांत घेतलेले त्रिमितीय टी-१ चित्रण (एमआरआयचा एक प्रकार) हा कणा आहे. नवा प्रोटोकॉल रचत बसण्यापेक्षा तोच घ्यावा.

चार्टरमध्ये लागू केलेला निकष, रीडरांची संख्या, त्यांना कोणती माहिती दाखवायची आणि कोणती झाकायची, मतभेद कशाला म्हणायचे, तो कसा सोडवायचा आणि न वाचता येणाऱ्या स्कॅनचे काय करायचे, हे सगळे लिहिलेले असते. पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी त्यावर सह्या झालेल्या असाव्यात. निकाल डोळ्यांसमोर येऊ लागल्यावर बदललेला नियम, हेतू कितीही शुद्ध असला तरी, संशयास्पदच दिसतो.

तिसरी पायरी: साइटची पात्रता

प्रत्येक साइटकडून, म्हणजे चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णालयाकडून, आधी एक प्रश्नावली भरून घ्यावी. स्कॅनर कोणता, त्याचे सॉफ्टवेअर कोणते, चाचणीचे काम कोण पाहते, रजेच्या दिवशी कोण पाहते, फाइल्स पाठवण्याची सोय कशी आहे, हे तीत विचारावे. त्यानंतर एक चाचणी-फाइल पाठवायला लावावी. प्रश्नावलीत सगळे होकार भरणाऱ्या साइटची पहिली फाइल पाहिली की खरी स्थिती कळते. माझा अनुभव असा की पात्रतेतील सर्वांत मोलाची पायरी ही फाइलच आहे.

पेटच्या बाबतीत थोडे थांबायला हवे, कारण तिथे चित्राबरोबर एक आकडाही मोजला जातो. एसयूव्ही हा आकडा सांगतो की दिलेले किरणोत्सारी ग्लुकोज शरीरभर सारखे पसरले असते तर जितके असते, त्याच्या किती पट ते गाठीत साठले आहे. तो काढण्यासाठी तीन गोष्टी लागतात: गाठीतील किरणोत्सार, टोचलेली मात्रा आणि रुग्णाचे वजन. यांतल्या प्रत्येकीत चूक होऊ शकते. त्या ग्लुकोजमधील किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असल्याने मात्रा मोजण्याचे घड्याळ आणि स्कॅनरचे घड्याळ यांत १० मिनिटांचा फरक असेल, तर एसयूव्ही ६ टक्क्यांहून अधिक चुकतो. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत एक घड्याळ पुढे करून दुसरे तसेच राहिले, तर एका तासाच्या चुकीने आकडा सुमारे ४६ टक्के वर जाऊ शकतो. त्याचप्रमाणे, ६५ किलोवर आलेल्या रुग्णाचे वजन पहिल्या भेटीतले ७२ किलोच लिहिले गेले, तर आकडा ११ टक्के फुगतो. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांचे वजन अनेकदा घटते, त्यामुळे ही चूक नेमकी त्यांच्याच बाबतीत होते. टोचल्यानंतर सिरिंजमध्ये उरलेली मात्रा मोजून वजा करायची असते, हेही अनेक ठिकाणी राहून जाते.

म्हणून पेटच्या प्रत्येक साइटकडून पाण्याने भरलेल्या फँटमचा, म्हणजे स्कॅनर तपासण्यासाठीच्या डब्याचा, स्कॅन मागवावा. ज्ञात मात्रा एकसारखी मिसळलेल्या अशा फँटममध्ये एसयूव्ही १ यायला हवा, सर्वसाधारणपणे ०.९ ते १.१ या मर्यादेबाहेर गेलेल्या स्कॅनरला दुरुस्तीशिवाय मान्यता देऊ नये. स्कॅनरचे सॉफ्टवेअर बदलले किंवा मोठी दुरुस्ती झाली की फँटम पुन्हा मागवावा. युरोपात न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेचा अर्ल नावाचा मान्यता-कार्यक्रम आहे. ती मान्यता चालू असलेल्या साइटला वेगळी तपासणी करायला लावण्याची गरज नाही, तिची कागदपत्रे पुरतात.

चौथी पायरी: ओळख पुसणे आणि पाठवणे

स्कॅन डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मानक स्वरूपात येतात. प्रत्येक फाइलमध्ये चित्राबरोबर शेकडो माहितीचे रकाने असतात, ज्यांना टॅग म्हणतात. रुग्णाचे नाव, रुग्णालयाचा क्रमांक आणि जन्मतारीख साइटच्या संगणकावरच काढली गेली पाहिजेत आणि त्यांच्या जागी चाचणीतला क्रमांक आला पाहिजे. ओळख पटेल अशी फाइल लॅबकडे येऊन मग पुसली जाणे हा उशिरा केलेला उपाय आहे.

यात दोन उलट धोके आहेत. पहिला, कमी पुसण्याचा. नाव टॅगमधून गेले, पण चित्रावरच छापलेले राहिले, असे अल्ट्रासाउंडमध्ये आणि स्कॅन करून घेतलेल्या कागदांमध्ये हमखास होते. सीटीसोबत येणाऱ्या किरणमात्रेच्या पानावरही नाव सापडते. डोक्याच्या बारीक स्लाइसच्या सीटी किंवा एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, त्यामुळे असा डेटा पुढे इतरांना वापरायला द्यायचा असेल तर चेहऱ्याचा भाग काढावा लागतो. दुसरा धोका जास्त पुसण्याचा, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. सरसकट सगळे रकाने रिकामे करणारे साधन वापरले तर वजन, टोचण्याची वेळ आणि मात्रा हेही जाते आणि पेट केवळ पाहण्यापुरता उरतो. फिलिप्सच्या पेट यंत्रांच्या फाइल्समध्ये एसयूव्हीसाठी लागणारा गुणक कंपनीच्या स्वतःच्या खासगी टॅगमध्ये असतो; खासगी टॅग सरसकट पुसले की तो जातो. डायकॉम मानकाच्या पंधराव्या भागात ओळख पुसण्याच्या पद्धती दिल्या आहेत. त्यांत रुग्णाची वजनासारखी वैशिष्ट्ये राखण्याचा आणि निरुपद्रवी खासगी टॅग राखण्याचा पर्याय आहे. ते दोन पर्याय निवडून साधन आधीच बसवून द्यावे, साइटने ते ठरवावे अशी अपेक्षा ठेवू नये. तारखा सरकवायच्या असतील तर एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवाव्यात, नाहीतर दोन स्कॅनमधले अंतर खोटे होते.

पाठवण्याचा मार्ग सुरक्षित आणि नोंद ठेवणारा हवा. ईमेल आणि साधी फाइल-वाटप सेवा यांना इथे जागा नाही.

पाचवी पायरी: गुणवत्ता-तपासणी

स्कॅन आल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत तपासणी व्हावी, असे लक्ष्य मी ठेवेन. स्लाइसची एखादी मालिका पाठवायची राहिली असेल, तर ती साइटच्या यंत्रात तेव्हा असते. पातळ स्लाइसचा कच्चा डेटा मात्र अनेक स्कॅनरवर काही दिवसांतच आपोआप पुसला जातो. रुग्णाचा क्रमांक आणि तारीख जुळते का, ठरलेला सगळा भाग आला का, मधली स्लाइस गळाली का, कॉन्ट्रास्ट दिला का आणि योग्य टप्प्यात का, पहिल्या स्कॅनशी पद्धत जुळते का, ओळख कुठे उरली आहे का, एवढे पाहावे. पहिला स्कॅन उपचारांच्या आधी चार आठवड्यांहून जुना नसावा. आणि खरोखर हा त्याच रुग्णाचा स्कॅन आहे का, हे मागच्या स्कॅनशेजारी ठेवून एकदा पाहावे. मणक्यांची ठेवण, जुनी शस्त्रक्रिया, काढलेले मूत्रपिंड यांवरून अदलाबदल पटकन लक्षात येते.

साइटला पाठवलेल्या क्वेरीची, म्हणजे लेखी शंकेची, भाषा नेमकी असावी. 'स्कॅन अपुरा आहे, कृपया पाहावे' असे लिहिल्यास उत्तर येत नाही. 'तिसऱ्या भेटीच्या सीटीत ओटीपोटाच्या स्लाइस नाहीत. त्या काढल्या असल्यास पाठवाव्यात, काढल्या नसल्यास तसे कळवावे' असे लिहिल्यास येते. एकाच साइटकडून तीच चूक तिसऱ्यांदा आली, तर क्वेरी थांबवून फोन करावा. त्यामागे बहुधा नवा तंत्रज्ञ किंवा बदललेला प्रोटोकॉल असतो, आणि तो पाच मिनिटांच्या बोलण्यात सापडतो.

सहावी पायरी: वाचन

घन गाठींच्या बहुतेक चाचण्यांत रेसिस्ट १.१ हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकष वापरला जातो. त्याआधी १९७९ चे जागतिक आरोग्य संघटनेचे दोन परिमाणांचे माप होते आणि २००० मध्ये रेसिस्टची पहिली आवृत्ती आली. सध्याच्या नियमांनुसार रीडर पहिल्या स्कॅनवर जास्तीत जास्त पाच गाठी मोजण्यासाठी निवडतो, एका अवयवात जास्तीत जास्त दोन. सीटीवर गाठीचा सर्वांत लांब व्यास किमान १० मिलिमीटर हवा. लसिका ग्रंथीचा मात्र आखूड व्यास घ्यायचा आणि तो किमान १५ मिलिमीटर हवा. या व्यासांची बेरीज पुढे प्रत्येक भेटीला काढली जाते. पहिल्या बेरजेपेक्षा ३० टक्के किंवा अधिक घट झाली तर अंशतः प्रतिसाद. आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्के किंवा अधिक वाढ झाली, आणि ती वाढ किमान ५ मिलिमीटरची असेल, तर आजाराची वाढ. नवी गाठ दिसली तर बेरीज काहीही असली तरी आजाराची वाढ.

नियम वाचायला सोपे आहेत, पण वापरताना पाय घसरतो तो 'सर्वांत कमी' या शब्दांवर. एक उदाहरण घेऊ. पहिल्या स्कॅनवर यकृतातील गाठ ४२, फुप्फुसातील २४ आणि छातीतील ग्रंथी १८, मिळून ८४ मिलिमीटर. दुसऱ्या भेटीला ३०, १६ आणि १२, म्हणजे ५८; घट ३१ टक्के, अंशतः प्रतिसाद. तिसऱ्या भेटीला २५, १४ आणि ९, म्हणजे ४८. इथे ग्रंथी १० मिलिमीटरच्या खाली गेल्याने ती सामान्य मानली जाते, तरी तिचे ९ मिलिमीटर बेरजेत धरायचेच असतात. नवखे रीडर ते शून्य धरतात आणि पुढचे सगळे गणित चुकते. चौथ्या भेटीला ३१, १७ आणि १०, म्हणजे पुन्हा ५८. दुसऱ्या भेटीला याच बेरजेला प्रतिसाद म्हटले होते. आता मात्र ४८ च्या तुलनेत १० मिलिमीटरची, जवळपास २१ टक्के वाढ झाली आहे, म्हणून हीच ५८ ची बेरीज आजाराची वाढ ठरते. वाढीची तारीख याच स्कॅनची. ग्रंथी शून्य धरली असती तर तिसरी बेरीज ३९ आली असती आणि खालची पट्टीच चुकीच्या जागी बसली असती.

निवड करताना मोठी गाठ म्हणजे चांगली गाठ असे समजू नये. दर वेळी त्याच रीतीने मोजता येईल अशी, स्पष्ट कडांची गाठ घ्यावी. श्वासाबरोबर हलणाऱ्या भागातली, आतड्याला चिकटलेली किंवा आधी रेडिएशन दिलेली गाठ शक्यतो टाळावी. हाडातील केवळ घट्ट झालेली जागा मोजता येत नाही. तिची नोंद न मोजलेल्या आजारात होते.

प्रत्येक रुग्ण दोन रीडरांनी स्वतंत्रपणे वाचावा. त्यांना औषधाचा गट, साइटचे मत आणि एकूण किती स्कॅन आहेत हे कळू नये. शेवटचा स्कॅन कोणता हे कळले की त्यावर वाढ शोधण्याकडे नजर वळते. स्कॅन तारखांच्या क्रमाने एकेक उघडावेत आणि पुढचा उघडण्यापूर्वी आधीचे उत्तर कुलूपबंद व्हावे. दोघांचे मत जुळले नाही तर तिसरा रीडर, ज्याला ॲज्युडिकेटर म्हणतात, दोघांपैकी कोणाचे वाचन अधिक योग्य आहे ते निवडतो आणि कारण लिहितो. कोणत्या बाबतीतला फरक त्याच्याकडे जाईल, वाढीच्या तारखेतला की सर्वोत्तम प्रतिसादातला, हे चार्टरमध्येच ठरलेले असावे.

मतभेद झाला म्हणजे कोणीतरी चुकले, असे मानण्याची सवय सोडावी लागते. दोन रीडरांनी नियमांना धरून वेगळ्या गाठी निवडल्या तर दोघेही बरोबर असू शकतात, कारण एकाच शरीरातल्या गाठी एकाच वेगाने वाढत नाहीत. चिंता तेव्हा करावी, जेव्हा एकच रीडर सतत एकाच दिशेला झुकतो. त्यासाठी दर महिन्याला प्रत्येक रीडरचे मतभेद आणि ॲज्युडिकेटरने त्याला किती वेळा नाकारले हे पाहावे, आणि काही केसेस न सांगता त्याला पुन्हा वाचायला द्याव्यात. सुरुवातीच्या प्रशिक्षणात पाठ्यपुस्तकी केसेस पुरत नाहीत. दोन गाठी एक झालेल्या, एक फुटून दोन झालेल्या, आणि ५ मिलिमीटरहून लहान होऊन धूसर झालेल्या गाठींच्या केसेस द्याव्यात.

आजारानुसार निकष बदलतो. लिंफोमासाठी (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी) २०१४ चे लुगानो वर्गीकरण आणि पेटवरचे पाच पायऱ्यांचे डोव्हिल माप वापरतात. मेंदूच्या गाठींसाठी रानो आहे, आणि त्यात रेडिएशननंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत दिसणारी वाढ खरी की भासमान हा प्रश्न नेहमी उभा राहतो. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुधारित रेसिस्टनुसार धमनी टप्प्यात उजळणारा जिवंत भाग मोजतात. प्रोस्टेटच्या हाडांच्या स्कॅनवर पहिल्या तपासणीत दिसलेल्या दोन नव्या जागा पुढच्या स्कॅनवर आणखी दोन दिसल्या तरच वाढ मानल्या जातात. इम्यूनोथेरपीसाठी २०१७ मध्ये आलेला आयरेसिस्ट चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून वाढ पक्की करायला सांगतो. यांपैकी जे निकष चाचणीत असतील त्यांचे वेगळे प्रशिक्षण द्यावे. रेसिस्ट येते म्हणून रानो येते, असे होत नाही.

सातवी पायरी: वाढ पक्की होईपर्यंत थांबण्याचा प्रश्न

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो बहुतेक योजनांत उशिरा सुचतो. साइटच्या डॉक्टरांना आजार वाढलेला दिसला की ते औषध थांबवतात, रुग्ण दुसऱ्या उपचारांकडे जातो आणि चाचणीचे स्कॅन बंद होतात. काही महिन्यांनी केंद्रीय रीडर तेच स्कॅन पाहतो आणि त्याला वाढ २० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. पुढचा स्कॅन नाही, म्हणून त्याच्या हिशेबात हा रुग्ण त्या तारखेला 'अजून वाढ नाही' अशा अवस्थेत निरीक्षणाबाहेर जातो. हे योगायोगाने घडत नाही. असे रुग्ण वाढीच्या उंबरठ्यावरचेच असतात. त्यांना बाजूला काढल्याने आजार न वाढता गेलेला काळ प्रत्यक्षापेक्षा लांब दिसू शकतो, आणि एका गटात हे जास्त घडले तर दोन औषधांची तुलनाच वाकडी होते. संख्याशास्त्रज्ञ याला माहितीपूर्ण सेन्सॉरिंग म्हणतात.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही आधीच ठरवावे लागतात. एक, साइटने वाढ जाहीर करण्यापूर्वी स्कॅन लॅबकडे पाठवावा आणि लॅबने ठरलेल्या मुदतीत, समजा पाच कामकाजाच्या दिवसांत, वाढ पक्की झाली की नाही एवढेच कळवावे. दोन, औषध थांबले तरी केंद्रीय वाचनात वाढ दिसेपर्यंत स्कॅन चालू ठेवावेत. पहिल्या उपायात एक मर्यादा पाळावी लागते: रुग्णाची प्रकृती खालावत असेल तर लॅबच्या उत्तरासाठी उपचार अडवून ठेवू नयेत. स्कॅनचे माप रुग्णासाठी आहे, आणि हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहिलेले असावे.

याच ठिकाणी आणखी एक जबाबदारी येते. कोअर लॅब निदान करत नाही आणि तिची मोजमापे साइटला कळवली जात नाहीत, कारण कळवली तर साइटचे मत त्यांच्याकडे झुकेल. पण रीडरला फुप्फुसाच्या धमनीत गुठळी किंवा मणक्यात मज्जारज्जूवर दाब दिसला तर गप्प बसणे अक्षम्य आहे. अशी तातडीची बाब कोणी, कोणाला, किती तासांत आणि मोजमापाचा उल्लेख न करता कशी कळवायची, याचा अर्ध्या पानाचा नियम चार्टरमध्ये असावा आणि त्यातील फोन क्रमांक दर तिमाहीला तपासले जावेत.

आठवी पायरी: डेटा देणे आणि जतन करणे

वाचनाचे आकडे प्रायोजकाकडे जाण्यापूर्वी चाचणीच्या मुख्य डेटाबेसशी ताडून पाहावेत. लॅबकडील भेटींच्या तारखा आणि साइटने नोंदवलेल्या तारखा जुळत नसतील, एखादा स्कॅन एका यादीत असून दुसरीत नसेल, तर ते शेवटच्या आठवड्यात नव्हे, दर महिन्याला शोधावे. वापरात असलेले सॉफ्टवेअर आधी तपासून प्रमाणित केलेले असावे आणि कोणी, केव्हा, काय बदलले व का, याचा न पुसता येणारा माग त्यात राहावा. अमेरिकेत १९९७ पासून लागू असलेला २१ सीएफआर भाग ११ हा नियम इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांसाठी हेच मागतो. नियामकाचा तपासनीस येतो तेव्हा तो एखाद्या रुग्णाची एखादी भेट उचलतो आणि विचारतो: हा आकडा कोणत्या गाठीचा, कोणत्या स्लाइसवरचा, कोणी मोजला, आणि त्या दिवशी त्या व्यक्तीचे प्रशिक्षण झालेले होते का? या साखळीची एकही कडी आठवणीवर सोडू नये. म्हणून प्रत्येक मोजमापाबरोबर स्लाइसचा क्रमांक आणि रेषेचे स्थान साठवावे, नुसता मिलिमीटरांचा आकडा नव्हे.

जतनाची मुदत करारात आणि लागू नियमांत असते आणि ती वर्षानुवर्षांची असते. तेवढ्या काळात साठवणुकीची साधने आणि सॉफ्टवेअर बदलणार हे गृहीत धरून मूळ डायकॉम फाइल्स आणि रीडरांच्या खुणा खुल्या मानक स्वरूपात ठेवाव्यात. दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा कोणताही एक जुना रुग्ण निवडून त्याचे सगळे स्कॅन खरोखर उघडतात का, ते पाहावे. रुग्णांच्या संमतिपत्रात पुढील संशोधनासाठी वापराची परवानगी असेल, तर चेहरा काढून आणि ओळख पुन्हा तपासून हे स्कॅन 'द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह'सारख्या सार्वजनिक संग्रहात देता येतात. ती परवानगी चाचणी संपल्यावर मागायला गेले तर बरेच रुग्ण हयात नसतात, म्हणून संमतिपत्राचा मसुदा तयार होत असतानाच लॅबने तो वाचायला मागून घ्यावा.